सेमरी हॉल्टची मोजणी

मोजणीचं काम रेल्वेच्या झाशी कचेरीतल्या देविकाकडे आलं. सेमरी आणि पिपरौल, या दोन छोट्या हॉल्ट स्थानकांपैकी एकाच ठिकाणी यापुढे पॅसेंजर थांबणार होती. दोन्हीकडे एकाच दिवशी चढणारे-उतरणारे मोजायचे आणि तुलना झाशीला साहेबांपुढे ठेवायची. सेमरीत तिचे बाबा राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले विद्याधरराव मंगळवारी आणि शुक्रवारी याच गाडीनं डायलिसिसला झाशीला जात. पक्की सडक नऊ किलोमीटरवर. तिथवर चालणं त्यांना शक्य नव्हतं, आणि झाशीत राहायला येणं मान्य नव्हतं.

मोजणी नेमकी बुधवारी निघाली.

सेमरीतली तरणी माणसं कधीच गाव सोडून गेली होती. देविका आदल्या दिवशीच पोचली आणि शेजारच्या चंपाबाईंच्या कानावर घातलं, की उद्या सगळ्यांनी सकाळी चढा आणि संध्याकाळच्या गाडीनं येऊन उतरा. म्हणजे प्रत्येक जण दोनदा मोजला जाईल. बाबांनाही तिनं विचारून पाहिलं.

"काम नसताना प्रवास? ही तर बेईमानी झाली, बेटा," ते म्हणाले. "शुक्रवारी मोज म्हणावं मला."

बुधवारी बाबा सोडून अख्खं गाव, त्रेचाळीस म्हातारी माणसं, तिकिटं काढून हजर झाली. थांबा एक मिनिटाचा. पायरी उंच, गुडघे जुने. चंपाबाईंना दोघांनी खालून ढकललं, दोघांनी वरून ओढलं. सगळे चढेपर्यंत अकरा मिनिटं गेली. वेळ हुकलेली गाडी पुढे बाजूला काढली गेली आणि एकामागून एक एक्स्प्रेसना वाट देत झाशीला पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. संध्याकाळी तीच गाडी परत फिरायची. ती रद्द झाली.

त्रेचाळीस जण झाशीत मुलाबाळांकडे पांगले. चंपाबाईंच्या मुकेशनं तर आईला बजावलं, की आलीच आहेस तर आता परत जाऊ नकोस. इकडे हॉल्टवर देविका उतरणाऱ्यांचा कोरा रकाना घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्ता वाचला. पिपरौल: चढले अकरा, उतरले नऊ. सेमरी: चढले त्रेचाळीस, उतरले शून्य. संध्याकाळची गाडी रद्द झाल्याचं आणि पिपरौलचे नऊ सकाळच्याच गाडीतून उतरल्याचं देविकानं सांगितलं. तक्त्यात त्याला जागा नव्हती.

"पिपरौल में लोग लौटते तो हैं, देविका जी. सेमरी तो खाली हो गई."

"सर, एक आदमी है वहाँ. अब भी."

"चढ़े?"

"नहीं."

"उतरे?"

"नहीं."

साहेबांनी पेन उघडलं आणि तक्त्याच्या रकान्यांवरून खरोखरच शोधक नजर फिरवली.

"तो उन्हें किस खाने में लिखूँ?"