बर्फ जरा जास्तच झाला

"आज या गल्लीतलं एकही पोर सुटणार नाही!" सिस्टरनं सकाळीच नवऱ्याला ठणकावून सांगितलं. मागच्या गल्लीतलं एक लेकरू घटसर्पानं दवाखान्यात निपचित पडलं होतं आणि इथली माणसं लसीचं नाव काढलं की धाडकन दारं लावत. बिचारीनं कोणाकोणाच्या विनवण्या केल्या नव्हत्या? पण काल शिंप्याच्या आईनं मान डोलावली. म्हातारी आली म्हणजे अख्खी गल्ली आली!

सिस्टर बायकांना बोलवायला गेली. लसीच्या डब्यापाशी नवऱ्याला बसवलं. काम काय, तर नुसतं बसायचं! पण ऊन बघून गृहस्थाला डब्याची दया आली. त्यानं सरबतवाल्याकडून बर्फ आणला, डब्यात कोंबला आणि वर मूठभर मीठही टाकलं.

"अहो, हे काय केलंत!" सिस्टर किंचाळली. आतली लस दगडासारखी घट्ट झाली होती.

"अगं, गार ठेवायची असते ना? मिठानं आणखी गार होतं!"

"गार ठेवायची, गोठवायची नाही! गोठली की वाया गेली. आता ती टोचून काय उपयोग!"

दारात रांग लागलेली. सगळ्यात पुढे शिंप्याची आई, कडेवर नात. सिस्टरला खोटं बोलवेना.

"आजी, ही लस खराब झाली हो. परवा ताजी आणते."

म्हातारी गर्रकन मागे वळली. "ऐकलंत? मी इतके दिवस दुसरं काय सांगत होते!"

झालं! रांग बघता बघता पांगली.

ठरल्या दिवशी सिस्टर ताजी लस घेऊन बसली. चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी तीच नवऱ्याला घेऊन शिंप्याच्या दारात गेली.

"आजी, लस चांगली आहे!"

"मग परवा खराब का म्हणालीस?" दाराआडून आवाज आला.

"कारण ती खराबच होती!"

"आणि ही चांगली कशावरून?"

"आजी, मी शपथेवर सांगतो..." नवरा पुढे सरसावला.

"अहो, तुम्ही गप्प बसा!"

इतक्यात आतून नात खोकली. घोगरा, घसा ओढून काढणारा खोकला. "आजी, दार उघडा, मागच्या गल्लीतलं लेकरूही असंच खोकत होतं!" सिस्टरनं दार बडवलं.

"धूळ गेली असेल घशात," म्हातारी म्हणाली. दार काही उघडलं नाही.

सिस्टर पायरीवर बसली आणि भर गल्लीत ढसाढसा रडायला लागली. समोरच्या खिडकीतून एक बाई दुसरीला म्हणाली,

"बघ, बघ! रडतेय! म्हणजे लसीत नक्की काहीतरी आहे!"