अकरा हजारांचा भस्मग्रह

कुंडलिकरावांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि आपल्या सातबाऱ्यावर परके नाव चढल्यासारखे पुतणीकडे पाहिले.

"काळकेतू, नऊ हजार. भस्मग्रह, सात हजार. शिवाने, हे मोजलं कुणी?"

"मीच, आप्पा. नाटक माझंच आहे."

शिवानी भोरच्या कॉलेजात शिकवत असे. यंदा जत्रेत वगाऐवजी तिने अंतराळातले नाटक बसवायला घेतले होते. त्यात दोन खलनायक होते, दोघेही आकाशगंगा गिळायला निघालेले, आणि प्रत्येकाच्या कपाळावर त्याच्या शक्तीचा आकडा लुकलुकणार होता. भस्मग्रह करणार होता कुंडलिकरावांचा पप्पू. काळकेतू करणार होता बौद्धवस्तीतला सम्राट, वेल्ह्याला शाळेत शिक्षक असलेला. गावाची रीत अशी, की सर्वांत बलाढ्य पात्राला पहिला फेटा बांधायचा. आजोबांनी रावण केला तेव्हा फेटा कुंडलिकरावांच्या घरात आला, वडिलांनी कंस केला तेव्हाही आला. बांधणारे हातही त्याच घरातले असल्यामुळे गुणवत्तेचा प्रश्न तीन पिढ्यांत उद्भवला नव्हता.

"पालखीला पयला खांदा कुणाचा?"

"आपला."

"मंग ह्यो आकडा आसा कसा?"

"आप्पा, ते अंतराळ आहे."

"आसंल. पर बगणार गावच हाय न्हवं?"

शिवानीने पेन्सिलीने सातचे अकरा केले. विश्वातील बलाबल इतक्या थोड्या शिशात बदलले.

तरी कुंडलिकरावांना बरे वाटेना. आपले म्हणणे कुणी मुकाट्याने ऐकले, की त्यांना त्यात कट दिसे. त्यांनी संहिता घरी नेली, शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि दुसऱ्या दिवशी तालीम चालू असताना शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन उभे राहिले.

"दुसऱ्या अंकात ह्यो काळकेतू पप्पूच्या अंगात शिरतुय?"

"हो. त्याचं शरीर ताब्यात घेतो. पुढं भस्मग्रहाच्या तोंडून तोच बोलतो."

"तसं आमी काय भेद मानत न्हाई," कुंडलिकराव म्हणाले. हे वाक्य ते नेमके भेद करण्याआधी वापरत. "पर अंगात म्हंजे... मानूस घरी आला तर ओसरीवर बसवता येतो. अंगात ओसरी कुठनं आणायची?"

शिवानीच्या हातातली पेन्सिल मोडली. ती काही बोलणार, तोच पुठ्ठ्याचे शिरस्त्राण कापत बसलेल्या सम्राटने मान वर केली. त्याचा आवाज अगदी थंड होता.

"मग उलटं करू की, आप्पा. पप्पूच शिरू दे माझ्यात."

"चालंल तुला?"

"मला काय, जागा भरपूर आहे."

इतक्या सहज? कुंडलिकराव दोन दिवस जेवताना थांबत होते, विंझरच्या बाजारात भाव विचारायचे विसरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना डाव सापडला. बोलणार सम्राट, टाळ्या सम्राटला. मग अकरा हजार कुणाचे धरायचे? आणि फेटा?

त्यांनी जत्रा कमिटी बसवली आणि ठराव सांगितला: पप्पू आत शिरल्यापासून फेटा बांधून होईपर्यंत सम्राटच्या देहात जो कोणी असेल, तो सर्व अर्थांनी पप्पूच समजावा. शिवानीने तो एकही शब्द न बदलता लिहून घेतला. आयुष्यात संशय घेण्याजोगी ही एकच गोष्ट त्यांच्यासमोर घडली आणि नेमकी तिच्याखाली त्यांनी सही केली.

जत्रेच्या संध्याकाळी नाटक उभे राहिले. दुसऱ्या अंकाच्या दहाव्या मिनिटाला धूर सुटला, पप्पू डरकाळी फोडून सम्राटमध्ये शिरला आणि त्याचा स्वतःचा देह फळ्यांवर धाडकन पडला. पडला, तो पडूनच राहिला. अकरा हजारांचा लुकलुकता आकडा सम्राटच्या कपाळावर गेला. सम्राटने ग्रह फोडले, तारे विझवले, पराभूत सेनापतीला अशा मृदू आवाजात क्षमा नाकारली की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसे तंबाखू मळायची थांबली.

"आवो," पप्पूची आई बनाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या, "आपलं पोरगं उटत का न्हाई?"

"उटंल कसं? ते तिकडं हाय. सम्राटमधी."

"मंग हितं पडलंय ते?"

"ते रिकामं हाय."

"ते तर म्या धा वर्सं बगतीया."

कुंडलिकरावांनी लक्ष दिले नाही. ठरावानुसार ते सम्राटच्या प्रत्येक वाक्याला सर्वांत आधी टाळ्या वाजवत होते.

नाटक संपले. माइकवरून घोषणा झाली: "पयला फेटा, भस्मग्रह, अकरा हजार!" कुंडलिकराव गुलाबी फेटा घेऊन मंचावर चढले आणि सवयीने पप्पूकडे वळले.

"आबा, उटू का?" देहाने एक डोळा उघडून विचारले.

सारा गाव माना उंचावून पाहू लागला. तासभर पोत्यासारख्या पडलेल्या पोराला फेटा बांधायचा, तर ज्याने तारे विझवले तो कोण? तो सम्राटच होता, हे साऱ्या गावादेखत कबूल करावे लागणार. शिवानी विंगेत ठरावाचा कागद घेऊन उभी होती. तिने तो वाचला नाही; नुसता उजेडात धरला.

"पड गप!" कुंडलिकराव पप्पूवर खेकसले आणि घराण्याचा मान राखण्यासाठी सम्राटसमोर जाऊन उभे राहिले.

सम्राट त्यांच्याहून हातभर उंच होता. तो वाकला नाही. चौथ्या पिढीचा फेटा कुंडलिकरावांना चवड्यांवर उभे राहून, दम लागेपर्यंत, एकेक वेढा देत बांधावा लागला. शिट्ट्यांनी मंडप दणाणला.

"पप्पू," ते दातांतल्या दातांत पुटपुटले, "आता भाईर कवा येनार तू?"

सम्राटने फेट्याचा शेमला खांद्यावर सारला आणि हुबेहूब पप्पूच्या आवाजात म्हणाला,

"आबा, हितं लई मोकळं वाटतंय. ऱ्हातो की."