पत गेली

खातं निवडायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे भरपूर आहे! मी पंखे दुरुस्त करतो. पंखा खोलून पुन्हा जोडला की माझ्याकडे दोन स्क्रू उरतात, तरी पंखा फिरतो. मग गेलेली पत पुन्हा जोडणं काय अवघड?

मोठं दुकान काढलं, कर्जाच्या कागदावर बायकोचंही नाव घातलं, दुकान बुडालं. माझ्याबरोबर तिचीही पत गेली. साधं शिलाई मशीन तिला हप्त्यावर मिळेना. वसुलीवाले तिच्या कामावर फोन करायला लागले, तशी ती बॅग भरून पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे राहायला गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भांडलीसुद्धा नाही.

म्हणून मी सगळ्या बँका पालथ्या घातल्या आणि एक खातं हेरलं. किमान शिल्लकेची कटकट नाही, आणि थोडी ठेव ठेवली की त्या ठेवीवर छोटं क्रेडिट कार्ड. त्यावर थोडंथोडं घ्यायचं, वेळेवर फेडायचं, पत हळूहळू सुधारते. खातं दोघांच्या नावावर काढायचं, पासबुक तिच्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, चल घरी!

निघताना आत्याला फोन लावला. शेजारी दुरुस्तीचा पंखा घरघरत होता.

"आत्या, माझी पत गेली!"

"काय? कशानं रे?"

"माझ्यामुळेच! वर्षभर ढासळतच होती, मी लक्ष दिलं नाही!"

"अरे देवा! कुठे आहेस तू?"

"चौकातल्या बँकेत चाललोय!"

"आज? बँकेत?"

"आज नाही तर कधी!"

तिकडून हुंदका आला. मला वाटलं, आत्याला माझं कौतुक वाटलं.

आत्याने ऐकलं होतं, 'पत्नी गेली'. आमच्या घरात बायकोला पत्नी कुणी म्हणत नाही, पण दुःखात माणूस शुद्ध बोलतो, अशी तिने समजूत करून घेतली!

बँकेत चष्मेवाल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "खातं एकट्याचं की संयुक्त?"

"संयुक्त!" मी छाती काढून म्हणालो.

"मग दोघांच्या सह्या लागतील."

तेवढ्यात दार ढकलून आत्या आत! "मेल्या, तिकडे ती गेली आणि तू इथे खाती उघडतोस?"

सगळी बँक माझ्याकडे वळून बघायला लागली. चष्मेवालीने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "सर, मग संयुक्त खातं कसं उघडणार?"

"अहो, ती जिवंत आहे!"

"असंच वाटतं सुरुवातीला," ती हळूच म्हणाली.

मी आत्याला ओरडून सांगितलं, "पत, आत्या! पत!" आत्याने डोळे पुसले. "मग मी तिच्या बहिणीला फोन करून रडले, त्याचं काय?"

त्याचं उत्तर धावतच आत आलं. बायको! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बहिणीची. बहिणीला त्या रडण्यातून 'बँक' आणि 'गेला' एवढंच कळलं होतं. मला खुर्चीत बघून बायको समोरच्या बाकावर मटकन बसली. हसली, आणि हसता हसता रडायला लागली. माझ्यासाठी ती धावत आली होती! मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

चष्मेवालीही खूश. "झालं! बाई आल्याच. करा सही."

बायकोने पेन घेतलं. 'संयुक्त' पुढची खूण बराच वेळ पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

"एकट्याचं काढा. आपल्या दोघांची नावं पुन्हा एका कागदावर नकोत मला."

"अगं, या खात्यानं पत सुधारते."

"तुमची सुधारू दे. माझी मी आत्ता कुठे सावरतेय."

आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी खूण खोडली. ती दाराकडे निघाली, दोन चपलांचे दोन वेगळे आवाज करत.

"आणि नॉमिनी?" चष्मेवालीने विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. आत्यानेही!

बायको दारात थांबली. मागे न वळताच म्हणाली, "तिथे माझंच नाव घाला. तुम्ही गेलात तर निदान बातमी तरी नीट कळेल मला."

मी घाईघाईने तिचं नाव लिहिलं आणि अर्ज तिच्यापुढे धरायला उठलो, तशी चष्मेवाली म्हणाली, "बसा सर. नॉमिनीची सही लागत नाही."