बारा पायऱ्या आणि बारावी रेकॉर्ड

आमेदेओ ग्रिसान्तीच्या गाण्यांतलं अख्ख्या जेनोव्हात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण कित्येक वर्षं म्हणतोय. स्वतःची गाणी स्वतःच लिहून गाणाऱ्या या बाबाच्या बाराही रेकॉर्ड माझ्याकडे आहेत. त्यांची क्रमवारी सांगायला रेडिओवाल्यांनी श्रोत्यांतून माझी निवड केली, पाच वाजता फोन करतो म्हणाले, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "नीव्हेस, आज सगळं शहर मला ऐकणार!"

"शेवटची कुठली?" भांडी घासता घासता तिने विचारलं.

"'हिवाळ्यातली होडी'! दुसरी कुठली? तिसऱ्या गाण्यात दर वेळी अडकते. एवढा मोठा माणूस, आणि असला गलथान माल बाजारात आणतो!"

नीव्हेसने नळ बंद केला. "असं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेल्या माणसाला त्या 'असं?'चा अर्थ कळायला हवा होता.

टेबलावर बारा रेकॉर्ड मावेनात, म्हणून मी त्या जिन्यात मांडल्या. आमच्या दारापासून खालच्या मजल्यापर्यंत बरोबर बारा पायऱ्या! पहिली सगळ्यात वर, होडी तळाला. मग खालच्या बारमध्ये कॉफी प्यायला गेलो. लिफ्ट बंद आहे आणि सगळी बिल्डिंग याच जिन्याने ये-जा करते, हे मला दुसऱ्या घोटाला आठवलं.

धावत परत आलो, तर वरच्या मजल्यावरच्या बाचिगालुपोबाई जिन्यात फतकल मारून बसलेल्या. एका हातात फोकाच्चा पावाची तेलकट पुडी, दुसऱ्यात माझी नववी रेकॉर्ड!

"अहो बाई, ठेवा ती खाली!"

"हिला नववी ठेवलीत? आमच्या ह्यांना शेवटचा निरोप देताना हीच लावली होती! जरा लाज वाटू द्या!" असं म्हणून बाईंनी ती थेट वरून दुसऱ्या पायरीवर नेली. कव्हरवर अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला तो वेगळाच.

एवढ्यात दातांचे डॉक्टर त्रावेर्सो धापा टाकत वर आले. "हिच्यात नुसती रडारड आहे हो! मी दाढ उपटताना ती निळ्या कव्हरची लावतो. पेशंट हूं की चूं करत नाही."

"तोंडात बोळा कोंबल्यावर तो करणार काय, कपाळ?" बाई कडाडल्या.

मग दोघं मिळून माझ्या रेकॉर्ड वर-खाली करायला लागली. मी हातापाया पडलो, पण ऐकतंय कोण! पाचला दहा मिनिटं उरली. मी वर धावलो आणि जागच्या जागी थबकलो. सगळ्यात वरच्या पायरीवर, आमच्या पायपुसण्याला टेकून, होडी!

"ही कुणी आणली इथे?"

"आम्ही नाही!" दोघं एका सुरात म्हणाली. त्या दोघांचं पटलं अशी ती पहिलीच गोष्ट.

"मी आणली," दारातून नीव्हेस म्हणाली. "ती का अडकते, आठवतं तुला?"

"कंपनीची चूक. दुसरं काय?"

"माझ्या आईच्या घरी तू पहिल्यांदा माझा मुका घ्यायला वाकलास आणि टेबलाला कोपर मारलंस. सुई घसरली. तो चरा तुझा आहे, एजिदियो. मी अजून ती रेकॉर्ड लावते ना, ती तेवढ्यासाठी."

मला आठवलं. तिच्या आईच्या पावलांचा आवाज, नीव्हेसचे लाल झालेले कान, सगळं! इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या गायकाला शिव्या घालत होतो. खाली बाचिगालुपोबाई फोकाच्चाच्या कागदाला नाक पुसत होत्या.

फोन वाजला. "एजिदियोसाहेब, शेवटून सुरुवात करू या!"

मी फोन घेऊन कठड्यावरून वाकलो आणि जिन्यात दिसल्या तशा अकरा रेकॉर्ड धडाधड वाचून टाकल्या. निळ्या कव्हरची तिसरी आली, तेलकट अंगठ्याची दुसरी.

"आणि पहिली?"

"'हिवाळ्यातली होडी'!"

"अरे वा! का बरं?"

"तिसऱ्या गाण्यात अडकते म्हणून."

"पण साहेब, आमच्याकडची तर अडकत नाही."

मी नीव्हेसकडे पाहिलं. तिचे कान पुन्हा लाल झाले होते.

"मग तुमची खराब आहे," मी म्हणालो. "बदलून घ्या!"