चाळीस हिरवी पानं

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि मोबाइल जास्त होते. ते कुठून आले, चार्ज कुठं होत होते, असले प्रश्न गोष्टीत विचारायचे नसतात. विचारलेत तर मी गोष्ट थांबवीन.

त्या जंगलात एक डोह होता. उन्हाळ्यात बाकीची डबकी आटली की पाणी फक्त तिथंच. आणि त्या डोहात एक मगर होती.

मगर कुठं आहे हे टिटवीला कळायचं. ती काठावर उभी असायची. मगर काठाकडे सरकली की "टिटीवटिव, टिटीवटिव" असा कल्ला करायची. मग सगळे पळायचे. ती गप्प असली की सगळे पाणी प्यायचे. अशी कैक वर्षं गेली. कुणाचं काही अडलं नव्हतं. म्हणूनच तरसेसाहेबांना वाटलं, की यात सुधारणा हवी.

तरसेसाहेब म्हणजे तरसच. जंगलाच्या पाणी खात्याचे ते प्रमुख. त्यांनी एक ॲप काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'निर्धास्त'. मोबाइलवर बटण दाबायचं, की ॲप सांगणार, 'डोह मोकळा आहे' किंवा 'मगर आहे, थांबा'.

ॲप लिहायला झुपके नावाचं शेकरू नेमलं. हुशार होतं. आता ॲपला काही डोळे नसतात. म्हणून झुपकेनं ॲपला टिटवीवर अवलंबून ठेवलं. ॲप टिटवीला विचारणार, टिटवी डोहाकडे बघणार, आणि ॲप आपल्याला सांगणार. "म्हणजे टिटवीच सांगणार ना?" असं तुम्ही म्हणाल. तुम्ही अजून लहान आहात.

खात्याचा नियम असा, की कुठलंही ॲप आधी चाळीस चाचण्यांतून जायला हवं. एक चाचणी पास झाली की फळ्यावर एक हिरवं पान लावायचं. नापास झाली की पळसाचं लाल फूल. तरसेसाहेबांना चाचण्यांतलं बाकी काही कळत नसे, पण फळ्याचा रंग लांबूनही कळायचा.

चाचणी म्हणजे तालीम. ती डोहापासून लांब, वारुळामागे व्हायची. तालमीला खरी मगर कोण बोलावणार? आणि मगर नसेल तर टिटवी ओरडणार नाही, ती फार खरं बोलणारी बाई. म्हणून तालमीत टिटवीच्या जागी साळुंकीला बसवायचं ठरलं. साळुंकीला कानात जे सांगाल ते ती बोलते. 'मगर आहे' सांगा, तेच बोलेल. काहीच सांगितलं नाही, तर पहिल्यांदा शिकवलेलं बोलते. पहिल्यांदा तिला शिकवलं होतं, 'डोह मोकळा आहे'.

झुपकेनं दोन याद्या केल्या. मोठ्या यादीत खऱ्या कामाला कोण कोण लागतं ते लिहिलं. तिथं टिटवीचं नाव होतं. तालमीच्या यादीत साळुंकीचं.

पहिली तालीम झाली. फळ्यावर चाळीस लाल फुलं लागली.

प्रत्येक फुलाखाली एकच शेरा होता, 'साळुंकी बसली नाही'.

बसेल कशी? तालमीच्या यादीत प्रत्येकानं वारुळाजवळच्या झाडाच्या कितव्या फांदीवर बसायचं, ते लिहायची अट होती. साळुंकीला पाचवी फांदी लागायची. पाचवीवर वटवाघूळ लटकलेलं. अंधाराच्या चाचणीला ते हवंच होतं. त्याला तिसरीवर जा म्हटलं, तर तिसरी फांदी जुनी झाली म्हणून खात्यानं मागच्या आठवड्यात तोडली होती. चौथीवर ते उलटं लटकायच्या ऐवजी सुलटं बसायला लागलं आणि चक्कर येऊन पडलं.

झुपकेनं सगळं पुसून पुन्हा मांडलं. लाल. वटवाघूळ बदलून नवं आणलं. त्याला सहावी फांदी लागायची, आणि झाडाला सहावी नव्हतीच. झाड बदलायचं मनात आलं, पण झाडावर झुपकेचं स्वतःचं घरटं होतं.

शेवटी झुपके शेजारच्या जंगलाच्या वेशीवरच्या मोठ्या दगडापाशी गेलं. तिथं सगळे आपापल्या अडचणी कोरून ठेवायचे. तीन उन्हाळ्यांपूर्वी कुणीतरी कोरलं होतं, 'माझीही साळुंकी बसत नाही. कृपया मदत करा.' त्याखाली त्यानंच कोरलं होतं, 'सुटला प्रश्न. धन्यवाद.' कसा सुटला, ते कोरलं नव्हतं. झुपकेनं त्या दगडावर शेपूट आपटून घेतलं.

परत आलं तर तरसेसाहेब फळ्यासमोर उभे.

"झुपके, उद्या उद्घाटन आहे."

"साहेब, दोन दिवस द्या. फांद्यांचा घोळ आहे."

"मला फांद्या सांगू नकोस. उद्या मला फळा हिरवा पाहिजे."

साहेब गेले. झुपके बराच वेळ याद्यांकडे बघत बसलं. मग त्याच्या लक्षात आलं, की तालमीच्या यादीत जागा कोरी ठेवली तर ॲप आपोआप मोठी यादी बघतं. आणि मोठ्या यादीत फांदीची अट नाही. त्यानं तालमीच्या यादीतलं साळुंकीचं नाव खोडलं. मोठ्या यादीतलं टिटवीचं नाव खोडलं. तिथं लिहिलं, 'साळुंकी'.

साळुंकी आली, वारुळावर आरामात बसली, कानात सांगितलेलं सगळं बोलली. चाळीस हिरवी पानं!

"दादा," साळुंकीनं विचारलं, "मोठ्या यादीत माझं नाव म्हणजे उद्या डोहावर पण मीच?"

"तात्पुरतं गं. उद्घाटन झालं की बदलतो."

"आणि खरी मगर आली तर? तिथं माझ्या कानात कोण सांगणार?"

"उद्याचं उद्या बघू," झुपके म्हणालं. बाळांनो, ते वाईट नव्हतं हो. दमलं होतं.

पण तरसेसाहेब कामाला फार वक्तशीर. त्यांनी सकाळीच मोठी यादी तपासली. टिटवीचं नाव नाही. यादीत नाही तो काठावर नाही, असा नियम. त्यांनी टिटवीला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. तिनं शाल तिथंच ठेवली आणि ती पलीकडच्या जंगलात निघून गेली. तिथं अजून ॲप आलेलं नव्हतं.

उद्घाटनाला सगळं जंगल जमलं. ऊन मी म्हणत होतं. कार्यक्रम सुरू होईपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे सगळ्यांच्या जिभा बाहेर. साळुंकी काठावर बसली. तरसेसाहेबांनी बटण दाबलं.

'डोह मोकळा आहे.'

टाळ्या पडल्या. "पहिला घोट," तरसेसाहेब म्हणाले, "आपल्या झुपकेचा!"

झुपके दोन पावलं मागं सरकलं. "मला तहान नाही, साहेब."

"बघा!" साहेब जनतेकडे वळले. "एवढ्या उन्हात म्हणतो तहान नाही. आधी जनतेला पाजणार. याला म्हणतात त्याग! मग पहिला लाभार्थी म्हणून या पाडसाला पुढं येऊ द्या."

ते भेकरीचं पाडस होतं. सकाळपासून पाणी पाणी करत होतं. भेकरी त्याला पुढं सोडताना थबकली.

"झुपकेदादा, बरोबर आहे ना हो? तुम्ही केलंय म्हणून विचारते. हे एकच राहिलंय माझं."

झुपके म्हणालं, "चाळीस पानं हिरवी आहेत, ताई."

हे खरंच होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. झुपकेला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाडसानं पाय पाण्यात टाकले. मान खाली घातली. आणि झुपकेला दिसलं, की पाडसाच्या समोर, चार हातांवर, पाण्यावर दोन फुगवटे आहेत. ते पुढं सरकत होते. साळुंकी गोड आवाजात म्हणत होती, "डोह मोकळा आहे, डोह मोकळा आहे."

झुपके ओरडलं. "टिटीवटिव! टिटीवटिव! टिटीवटिव!" आवाज फाटका होता, टिटवीला ऐकवला नसता. पण जंगलाचे पाय तो शब्द ओळखत होते. पाडस उडी मारून मागं आलं. मगरीचा जबडा रिकामाच मिटला. सगळे पळाले. तरसेसाहेब सगळ्यांच्या पुढं होते.

संध्याकाळी चौकशी बसली.

झुपकेनं हात जोडले. "साहेब, चूक माझी आहे. मोठ्या यादीत मी साळुंकीचं नाव घातलं. टिटवीला परत बोलवा, तिचं नाव परत घाला."

"घातलं तर फळा कसा दिसेल?"

"लाल होईल. मग मी फांद्यांचं नीट करीन."

तरसेसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. "ॲप काय म्हणालं होतं? डोह मोकळा. आज कुणी मेलं का?"

"नाही, पण..."

"कुणीच मेलं नाही. म्हणजे ॲप बरोबर. पानं हिरवी आहेत, हात लावू नकोस. आणि यापुढं कार्यक्रमात ओरडू नकोस."

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायच्या वेळी झुपके डोहाकाठच्या जांभळीवर जाऊन बसलं. काय करणार? खाली पाडसं येत होती. मगर सरकली की ते ओरडायचं. तिसऱ्या दिवशीही बसलं. पुढं रोजच.

ॲपचं मोठं नाव झालं. 'निर्धास्त' आल्यापासून डोहावर एकही बळी नाही, असा फलक लागला. बक्षीस मिळालं. सगळे प्राणी ॲप उघडून बघायचे, आणि कान जांभळीकडे ठेवून पाणी प्यायचे. ॲपला ते पाच पाच तारे द्यायचे. भेकरी तेवढी अधूनमधून झाडाखाली ज्येष्ठमधाची काडी ठेवून जायची.

वर्षभरानं झुपकेचा घसा पार बसला. ते तरसेसाहेबांकडे गेलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणालं, "साहेब, चार दिवस रजा हवी होती."

"कशाची रजा? तू काय काम करतोस?"

"जांभळीवर बसून ओरडतो."

साहेबांनी मोठी यादी काढली. वरपासून खालपर्यंत नीट वाचून घेतली. जांभूळ नव्हती. ओरडणं नव्हतं. झुपकेचं नाव नव्हतं.

"यादीत तर असं काही लागतच नाही," साहेब मायेनं म्हणाले. "मग रजा कशाला घेतोस? घरी बस की आरामात!"

झुपकेनं बाहेर पाहिलं. उन्हं कलली होती आणि प्राणी मोबाइल काढून डोहाकडे निघाले होते. ते धावतच जांभळीकडे सुटलं.

तात्पर्य : चूक झाली तर ती कबूल करू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. कबूल जरूर करावी. फक्त पानं हिरवी असताना करायची असेल, तर आधी ज्येष्ठमधाची सोय करून ठेवावी.