टब वॉम्बॅट अभ्यासमंडळ

मुलांना वेळ देणे ही राष्ट्रीय महत्त्वाची बाब आहे, आणि असल्या बाबी घरच्या घरी हाताळू नयेत, याबद्दल ब्रिस्बेनच्या सुजाण नागरिकांचे एकमत आहे. म्हणून ते काम सध्या टीव्हीवरच्या टब नावाच्या कार्टून वॉम्बॅटकडे सोपवले आहे. टब सगळ्या वॉम्बॅटांसारखा जाडजूड आहे, बिळात राहतो आणि दर भागात सात मिनिटे आपल्या पोरांशी असा खेळतो की बघणाऱ्या बापांचे डोळे भरून येतात. (पोरांचे येत नाहीत. ती नुसती हसतात.)

डेस कर्कबी हा अशा बापांतला अग्रणी. त्याने गल्लीतल्या बापांचे अभ्यासमंडळच काढले होते. दर रविवारी दुपारी त्याच्या दिवाणखान्यात बैठक भरे. बिअर ज्याची त्याने आणावी, टब बोलत असताना कोणी बोलू नये आणि मुलांना आत सोडू नये, कारण त्यांच्यामुळे पालकत्वावरचे लक्ष उडते, एवढेच नियम. मंडळाच्या पाहणीनुसार ऐंशी टक्के सभासद पूर्वीपेक्षा चांगले बाप झाले होते. (उरलेले वीस टक्के त्या दिवशी पोरांना घेऊन पोहायला गेल्याने त्यांचे मत घेता आले नाही.)

डेसच्या सहा वर्षांच्या टॅम्सिनने नव्या फ्रिजच्या खोक्याचे बीळ केले होते. आत उशा, टॉर्च आणि व्हेजिमाइटची दोन सँडविचेस, त्यातले एक डॅडचे. पण वर्षातून एकदा काउन्सिलचा ट्रक फुटपाथवर काढून ठेवलेली अडगळ उचलायला येतो, तो सोमवारी सकाळी येणार होता. खोका संध्याकाळच्या आत बाहेर गेलाच पाहिजे, असे तिच्या आईने, रोवेनाने बजावले होते.

"डॅड, आज तरी येशील ना बिळात? उद्या ट्रक येणार."

"येतो गं सोन्या. एवढा भाग होऊ दे. आज टब पोरांसाठी बीळ खणतोय."

"मी पण केलंय की."

"हो, पण त्याचं बघण्यासारखं असतं."

"डेस," रोवेना स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो प्राणी रात्री तुझ्या पोरीला झोपवायलाही येणार आहे का?"

डेसला हा प्रश्न फार मूलगामी वाटला. त्याने तो मंडळापुढे चर्चेला ठेवला.

त्या दिवशीच्या भागात टबने खणता खणता थांबून थेट प्रेक्षकांकडे पाहिले आणि म्हटले, "बाबांनो, टीव्ही बंद करा आणि बाहेर जा." मिच नावाच्या सभासदाने नाक शिंकरले. "काय लिहितात रे," तो म्हणाला. "मागे घे, पुन्हा बघू." मग ते त्यांनी तीनदा पाहिले.

तोवर टॅम्सिनने खोका फरफटत फुटपाथवर नेला होता आणि ती आत बसली होती. शेजारच्या स्टाव्रूला नावाच्या आजी मोडकी खुर्ची टाकायला आल्या.

"कोण राहतं गं इथे?"

"वॉम्बॅट. तुम्ही डॅड व्हाल का?"

"मिशा तर आहेत माझ्याकडे. बाकीचं जमवू," म्हणत आजी गुडघे धरत आत शिरल्या आणि डॅडचे सँडविच त्यांनी खाऊन टाकले.

डेस रिकाम्या बाटल्या टाकायला बाहेर आला, तेव्हा खोका गदागदा हलत होता आणि टॅम्सिन आतून खिदळत होती. इतकी ती घरात कधी हसली नव्हती. सगळं टाकून आत घुसावं असं खरंच वाटून डेस दोन पावलं पुढे गेलासुद्धा. पण ऊन मोठं छान पडलं होतं. त्याने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

"टॅम्सिन, पुन्हा एकदा हस ना. मघाचं नीट आलं नाही."

तिने डोकं बाहेर काढलं. ती चिडली नव्हती, हे डेसला नंतर बरेच दिवस सलत राहिलं.

"डॅड, तू बघत बस. तुला बघायला छान जमतं."

सकाळी ट्रकवाल्याने खोका चेपून नेला. मंडळाने व्हिडिओ एकमताने वाखाणला, आणि ऐंशी टक्के सभासद रडले.

वाचकहो, तुम्हालाही डेसचा राग आला असेल, कदाचित डोळेही भरून आले असतील. ते चांगलेच आहे. फक्त, एवढी गोष्ट वाचून होईपर्यंत तुम्हाला मध्ये पोरांपैकी कुणीच हाक मारली नाही. शेजारच्या खोलीत टीव्हीवर काहीतरी चांगलं लागलेलं दिसतंय.