मे महिन्याची रजा

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहायला बसावं, हा थोडा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तोही कुवेतहून परतल्यावर, बाविसाव्या वर्षी. परीक्षेतल्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण घाडीगावकरांबरोबर कुवेतच्या महबूला भागातल्या एका खोलीत दोन वर्षं राहिलेला माणूस मीच, म्हणून लिहितो.

घाडीगावकर तोंडी तक्रार करत नसत. पहिल्याच आठवड्यात माझ्या उशीवर अर्ज सापडला. ‘महोदय, आपला ओला पंचा माझ्या खुर्चीवर आढळला. कारण कळवावे.’ खाली कार्बन लावून काढलेली दुसरी प्रत. मी हसलो, तर समोर उभे राहून म्हणाले, “हसतस काय? पोच दे!” मी सही केली. तेव्हा कुठे त्यांनी चहा दिला.

“तोंडी बोलण्याक किंमत नाय रे. कागद होयो, कागद!”

आम्ही एकाच इस्पितळात होतो. मी भांडारात कारकून आणि ते रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सर्वांत जुने तंत्रज्ञ. बाकीच्यांना काम त्यांनीच शिकवलेलं. पण भिंतीवरची रजेची यादी नोकरीची वर्षं बघत नसे, पासपोर्ट बघे. वर गोरे, मग अरब, तळाशी आपण. उकाड्याचे महिने वरच्यांना, आपल्याला डिसेंबर-जानेवारी. घाडीगावकर नऊ वर्षं एकच मागत होते, मे महिन्यातली रजा. नऊ अर्ज, नऊ पोचा.

एकदा मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब, त्यांना म्हणाले, “तुम्ही हिंदी लोक उन्हाळ्याला सरावलेले. तुम्हाला मे कशाला?” घाडीगावकरांनी लेखी उत्तर दिलं की कुडाळला इतकं तापत नाही, आणि पुराव्यादाखल बायकोकडून तिथल्या तपमानाची आठवड्याभराची नोंद मागवून जोडली. लॅबभर हशा. “आंब्यांसाठी चाललंय सगळं,” मीही चिडवायचो.

यादीत त्यांच्या वरचं नाव अबू खलील यांचं. पॅलेस्टिनी, कुवेतमध्येच वाढलेले. घाडीगावकर त्यांच्यावर डाफरायचे, “माझ्या हाताखाली शिकलो, नि मे महिनो ह्याका!” १९९०च्या जुलैत पुढच्या वर्षाची यादी लागायच्या आधी मात्र अबू खलील स्वतःच मुदीरकडे गेले आणि आपली पाळी घाडीगावकरांना देऊन आले. मी कारण विचारलं, तर मोडक्या हिंदीत म्हणाले, “छुट्टी लेके मैं किधर जाएगा? उसका घर है. बीवी टीचर है, मालूम?”

मला नव्हतं मालूम. त्या संध्याकाळी घाडीगावकरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“जानेवारीत गेलंय तर बाई शाळेत. मी डबो घेऊन जातंय नि पडवीत बसतंय. एकदा वर्गात बसाक गेलंय, तर म्हणाली, पोरां हसतत, भायर बसा. नऊ वर्षां माझी रजा शाळेच्या पडवीत गेली रे. तिका सुट्टी मे महिन्यात.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये अबू खलीलना त्यांनी आभाराचा अर्ज दिला. पोच मागितली नाही.

ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले. सप्टेंबरात आम्ही बसने बगदादमार्गे अम्मान गाठलं आणि तिथून विमानाने मुंबईला आलो. अबू खलील बसपर्यंत खुबूस रोट्यांची पिशवी घेऊन आले होते. “तूही चल,” म्हणून घाडीगावकरांनी त्यांचा हात सोडला नाही. अबू खलील म्हणाले, “लॅब कौन खोलेगा?”

युद्ध संपल्यावर, यंदा मे महिन्यात मी कुडाळला गेलो. घाडीगावकर पडवीत नव्हते, स्वयंपाकघरात बाईंसमोर बसून फणसाचे गरे काढत होते. पण मला बघताच पहिला प्रश्न, “त्याचा पत्र इला?”

बाई हळूच म्हणाल्या, “रोज पोस्टात जाऊन येतात. चार पत्रं पाठवली. मे महिन्यात घरी आहेत खरे, पण जेवताना घास हातात तसाच राहतो.”

पत्र माझ्या खिशात होतं, पण अबू खलीलचं नव्हे. लॅबमधल्या केरळच्या सिस्टरने हिंदीत लिहिलेलं, कॉलेजच्या पत्त्यावर आलेलं. मी ते बाहेर काढलं, पण त्यांच्या हाती द्यायचा धीर होईना.

“वाच,” ते म्हणाले. हात कोपरापर्यंत चिकाने माखले होते. मी मराठीत सांगत गेलो.

लॅबचं काम पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं आहे. युद्धात सगळे महिने ती अबू खलील यांनीच उघडी ठेवली. रजेची नवी यादी लागली, आणि त्यात आपली माणसं वर आली आहेत, कारण त्यांच्या वरची नावं खोडली आहेत. पॅलेस्टिनींचे पुढारी इराकच्या बाजूने बोलले, म्हणून अबू खलील यांनाही पासपोर्ट बघून कामावरून काढलं. ते बायकोमुलांना घेऊन अम्मानला गेले. तिथला पत्ता कुणाकडे नाही.